भैरवीनंतरचा सारंग

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, चिवड्यात नुसते पोहे उरले, की पुण्यातल्या काही घरांतून एक प्रश्न निघतो. यंदा कुठे कुठे जायचं? प्रश्न गाण्याचा असतो. कुणाच्या लग्नाला जायचं यावर एवढा खल होत नाही, पण थंडीतले महोत्सव ठरवताना माणसं फोनला चिकटून बसतात. आणि सगळा खल करून झाला की शेवटी कुणीतरी म्हणतंच, "बेहेऱ्यांना विचारा ना."

श्रीनिवास बेहेरे म्हणजे निवेदक. गाणं सुरू व्हायच्या आधी झब्बा-जाकीट घालून माइकपाशी येतात, गाणारा कोण, त्याचे गुरू कोण, गुरूंचे गुरू कोण आणि त्या तिघांना कुठल्या गावची बासुंदी आवडायची हे सांगतात, ते बेहेरे. एका बँकेत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली, पण बँकेतले बेहेरे बँकेलाही आठवत नसतील. स्टेजवरचे बेहेरे मात्र शुक्रवार पेठेपासून पार डेक्कनपर्यंत सगळ्यांना ठाऊक.

दर वर्षी दिवाळीनंतर ते ओळखीपाळखीच्या लोकांना फोनवर आपल्या आवाजात एक निरोप पाठवायचे. त्या निरोपाची लोक वाट बघायचे. "नमस्कार. यंदाचं ऐकण्याजोगं सांगतो. डिसेंबरातला मोठा महोत्सव आहेच. तिथे ऐकायला जा, दिसायला जाऊ नका. कोथरूडला रविवारी सकाळची मैफल आहे, चहा आपापला न्यावा. खराडीला आयटीतल्या मुलांचा फ्यूजनचा कार्यक्रम आहे. जरूर जावं, मागे बसावं, खिशात कापूस असावा." बेहेरे 'जावं' म्हणाले की लोक जात. 'हरकत नाही' म्हणाले की घरी बसत.

आता गंमत अशी, की ज्या माणसाच्या शब्दावर एवढं पुणं गाणं ऐकायला जात होतं, तो माणूस स्वतः गाणं ऐकतच नव्हता. खोटं नाही सांगत. गवयानं षड्ज लावला की बेहेरे पडद्यामागे. तिथे चहा, तिथे ओळखीच्या माणसांशी गप्पा, आणि तिथेच पुढच्या कलाकारावर काय बोलायचं याची मनातल्या मनात उजळणी. टाळ्या पडल्या की माइकपाशी हजर, आणि गाणं जणू अंगावर घेऊन आल्यासारखे म्हणायचे, "अप्रतिम! शब्द अपुरे आहेत!" शब्द कधीच अपुरे नसायचे. इतक्या वर्षांत बेहेऱ्यांना कुणी श्रोत्यांत मांडी घालून बसलेलं पाहिलं नव्हतं. बापूराव म्हणून एक निवृत्त मास्तर होते, उशी आणि थर्मास घेऊन प्रत्येक कार्यक्रमाला पुढे येऊन बसणारे. ते एकदा बेहेऱ्यांना तोंडावर म्हणाले होते, "काल तुमचा कार्यक्रम छान झाला. मधेमधे थोडं गाणं होतं, पण तेवढं चालायचंच." बेहेऱ्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

हे सगळं घरात कुणी सोसलं असेल तर मंदाकिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं. मंदाकिनीबाई गायच्या. हौसेचं गाणं नव्हे ते. दहा वर्षं गुरूंकडे बसून घासलेलं गाणं. लग्नानंतर मुलं, सासूबाईंचं आजारपण, यांत बाहेर गाणं सुटलं, पण पहाटेचा तंबोरा सुटला नाही. दुपारी दोन-चार मुलींना शिकवायच्या. बाहेर कुणी 'बाई गातात का?' असं विचारलं तर बेहेरेच उत्तर द्यायचे, आणि उत्तर इतकं सुंदर द्यायचे की विचारणाऱ्याला पुढे ऐकायची गरज वाटायची नाही.

मग एका गुरुपौर्णिमेला एक गोष्ट घडली. घरातच छोटी मैफल होती. बाई गायल्या. बेहेरे आतबाहेर करत होते, पाहुण्यांना पेढे देत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "अप्रतिम! विशेषतः अंतरा." बंदिशीचे दोन भाग असतात, आधी स्थायी आणि मग अंतरा. बाईंचा आवाज त्या दिवशी बसला होता म्हणून त्यांनी अंतरा म्हटलाच नव्हता. पाहुणे गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अंतरा मी म्हटला नाही हो."

आता दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. बेहेरे खो खो हसले, आणि पुढच्याच आठवड्यात भरलेल्या सभागृहात हा किस्सा त्यांनी स्वतःवर विनोद म्हणून सांगितला. सभागृह कोसळलं. बाई तिसऱ्या रांगेत होत्या. शेजारची ओळखीची बाई त्यांना कोपरानं ढोसून म्हणाली, "किती गोड आहेत हो तुमचे मिस्टर!" त्या रात्री मंदाकिनीबाई जेवल्या नाहीत. इतकी वर्षं आपण भिंतीला गाऊन दाखवतोय असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं मग गेलं नाही.

मग एका वर्षी अस्मिता आली. हडपसरची मुलगी, खराडीत एका कंपनीत नोकरीला. कॉलेजात असताना बाईंकडे शिकलेली. हडपसरला शाळेच्या पटांगणावर तिनं मित्रमैत्रिणींना घेऊन एक महोत्सव सुरू केला होता, त्याचं हे तिसरं वर्ष. पेठेतल्या माणसाला हडपसर म्हणजे सोलापूरच्या अलीकडचं स्टेशन वाटतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं मंडपात रिकाम्या सतरंज्यांचीच गर्दी होती.

"बाई, रविवारी सकाळच्या सत्राचा समारोप तुम्ही करायचा," अस्मिता म्हणाली. "आधी आमोदची बासरी आहे, त्याला क्राउड येणारच. मग तुम्ही. बाराच्या सुमाराला. शुद्ध सारंग. आणि काका, निवेदन तुमचं."

दुपारचा सारंग पुण्यात कुणी सहसा ऐकवत नाही, कारण त्या वेळी माणसं जेवायला बसलेली असतात. बाईंना तो राग फार आवडायचा. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गाईन. पण माझी एक अट आहे. ती तुझ्याशी नाही, यांच्याशी आहे."

बेहेरे सावरून बसले.

"माझ्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. त्या निरोपात नाही, स्टेजवर नाही. माझं नाव घ्यायचं आणि बाजूला व्हायचं."

"अगं, पण लोकांना कळायला नको? तुझे गुरू, तुझी तालीम, ते आकाशवाणीवरचं..."

"नको. लोक तुम्हाला ऐकून घरी जातात. मला एकदा मला ऐकलेलं हवंय."

इतकं सरळ त्या कधी बोलल्या नव्हत्या. अस्मितानं चहाच्या कपात डोळे घातले. बेहेऱ्यांना वाईट वाटलं, राग आला, पुन्हा वाईट वाटलं. "बरं," ते म्हणाले. "शब्द दिला."

आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला हो. त्या वर्षीच्या निरोपात हडपसरबद्दल ते म्हणाले, "या वर्षी पेठा ओलांडाव्यात. आमोदची बासरी चुकवू नये. त्यानंतर समारोप." एवढंच. बायकोच्या गाण्याला त्यांच्या तोंडून मिळालेला हा एक शब्द. बोलताना त्यांची जीभ नुसती वळवळत होती.

रविवार उजाडला. निरोपाचा परिणाम म्हणा, बासरीचा म्हणा, पटांगण भरलं. पेठेतली मंडळी बस बदलत, रिक्षावाल्याशी हुज्जत घालत पोचली आणि 'किती लांब हो' असं एकमेकांना सांगत सतरंजीवर टेकली. बापूराव पुढे, उशीवर. सकाळ चांगली गेली. बेहेऱ्यांनी निवेदन नेहमीसारखं केलं, उलट जरा जास्तच, कारण शेवटी गप्प बसायचं होतं त्याची भरपाई आधीच करून घेत होते.

मग आमोद. तरुण, देखणा, बासरी खरोखरच गोड. मंडप डोलायला लागला. बेहेरे पडद्यामागे होते. बाई तिथेच तंबोरे लावत बसल्या होत्या, सोबत तबल्याचा जावेद. जावेदचं घराणंच पुण्यातलं, आजोबांपासून तबला. तो स्वतः दिवसा नोकरी करून बाईंकडे साथीला यायचा. सगळं वेळेत चाललं होतं. आणि आमोदनं मुख्य राग संपवून माइकवर विचारलं, "मला विमान गाठायचंय, पण एक धून वाजवू?"

मंडपातून ओरडा झाला, "भैरवी! भैरवी!"

अस्मिता पडद्यामागे धावत आली. "काका, थांबवा ना त्याला! भैरवी वाजवली तर संपलंच!"

तिचं खरं होतं. वेळ सकाळची असो की रात्रीची, आपल्याकडे भैरवी झाली की मैफल मिटली. भैरवीनंतर गायचं नसतं आणि ऐकायचंही नसतं. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण चप्पल शोधायला हात आपोआप जातो. बेहेरे उठले, पण तोवर बासरीतून पहिले सूर निघाले होते. सुरू झालेली भैरवी थांबवणारा माणूस पुण्यात अजून जन्मायचा आहे.

भैरवी सुंदर झाली, हीच तर पंचाईत. टाळ्या थांबेनात. आमोद वाकून नमस्कार करून गेला आणि मंडपातलं सगळं चक्र सुरू झालं. सतरंजीवरचे वर्तमानपत्राचे कागद गोळा झाले. थर्मासची झाकणं लागली. पाय आखडलेली माणसं एकमेकांना हात देऊन उठवायला लागली. "आता इथे जेवायचं की घरी?" याच्यावर चर्चा सुरू झाली.

बाई येऊन स्टेजवर बसल्या. त्यांच्याकडे शिकणाऱ्या दोन मुलींनी तंबोरे घेतले. जावेदनं तबल्यावर हातोडीचे दोन हलके ठोके घातले. बेहेरे माइकपाशी गेले, आणि म्हणाले, "मंदाकिनी बेहेरे."

बाजूला झाले.

आता तुम्हीच विचार करा. भैरवी झालेली. वेळ जेवणाची. काठपदराची साडी नेसलेली एक वयस्क बाई, आणि निवेदकानं नुसतं नाव घेतलेलं. पुणेकराला याचा एकच अर्थ कळतो: आभारप्रदर्शन. आणि आभाराला थांबणारा माणूस एक तर संयोजक असतो, नाही तर त्याची चप्पल सापडत नसते. जे उठायचे राहिले होते तेही उठले. मधल्या वाटेवर रांग लागली. बाईंनी समोर पाहिलं तर त्यांना पाठीच पाठी दिसल्या.

त्या पाठी बेहेऱ्यांनीही पाहिल्या. माइक त्यांच्या हातातच होता. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलले असते तर मंडप जागच्या जागी थांबला असता. 'रसिकहो, बसा, अजून गाणं व्हायचंय.' त्यांचा आवाज ऐकून लोक बसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मग बसलेल्या लोकांना कुणी बसवलं? बेहेऱ्यांनी. गाणं कुणाचं झालं असतं? पुन्हा बेहेऱ्यांचंच. आणि बोलले नाहीत तर? तर ती रिकाम्या सतरंज्यांना गाणार. आधी भिंत होती, आज सतरंज्या.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आता या पाहण्याचा अर्थ काय घ्यायचा, 'बोला' असा की 'खबरदार' असा? एवढा संसार झाला, पण त्या माणसाला तेवढं वाचता येईना. लोकांना काय वाटतं हे त्यांना पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत कळायचं. हिला काय वाटतं हे बघायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. त्यांना एकदम फार लाज वाटली.

त्यांनी माइकचं बटण बंद केलं आणि माइक स्टँडला लावला. मग पडद्यामागे न जाता स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आले, अगदी समोर, जिथे आत्ताच कुणीतरी उठून गेलेलं होतं तिथे, आणि गुडघा धरत धरत, हुश्श करत, सतरंजीवर मांडी घालून बसले. हात मांडीवर ठेवले. वर पाहिलं.

पुढच्याच रांगेत बापूराव उशी काखेत घेऊन निघाले होते. त्यांची पावलं थांबली. "अहो," ते मागच्या माणसाला म्हणाले, आणि बापूरावांचा आवाज मास्तरांचा, मंडपभर गेला, "तो बेहेरे बसलाय!"

"कोण? निवेदक? मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? बेहेरे कधी बसतो का खाली? इतकी वर्षं मी येतोय, मोठमोठे गवई झाले, पण हा माणूस बसला नाही. बसा, बसा. काहीतरी आहे."

आणि बापूरावांनी उशी पुन्हा टाकली. मागचा माणूस बसला. त्याची बायको 'अहो भात लावायचाय' असं म्हणत बसली. वाटेतल्या रांगेनं मागे वळून पाहिलं. पाहिलेल्यांपैकी काही बसले, काही उभे राहिले, काहींना खरोखरच भूक लागली होती, ते गेले. जाणारे गेले, याचा राग धरण्यात अर्थ नाही. साधारण अर्धा मंडप राहिला.

बाईंनी डोळे मिटले आणि षड्ज लावला.

शुद्ध सारंगात दोन मध्यम एकमेकांच्या शेजारी बसलेले असतात. एकाला दुखवून दुसरा घेता येत नाही. बाईंना घाई नव्हती. इतकी वर्षं थांबलेल्या बाईला पंधरा मिनिटांची काय घाई असणार? बाहेर ऊन तापलं होतं, कुणाच्या तरी रिक्षाचं मीटर पडलं, पलीकडे शाळेच्या नळावर कुणी बादली भरत होतं. बाई गात होत्या. आवाजाला वयाची किनार होती आणि त्यांनी ती लपवली नाही. जावेद मान खाली घालून ठेका धरून होता. उभे राहिलेले एकेक करून कधी बसले ते त्यांनाही कळलं नाही.

आणि बेहेरे? पहिला काही वेळ त्यांच्या डोक्यात सवयीनं वाक्यं तयार होत होती. 'तपश्चर्या', 'घराण्याचा गंध', 'शब्द अपुरे'. मग ती यायची थांबली. गुडघा दुखत होता तेही थांबलं. ही बाई रोज पहाटे आपल्या स्वयंपाकघराच्या पलीकडे हे गात होती, आणि आपण तेव्हा पेपर वाचत होतो, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

गाणं संपलं. टाळ्या बासरीला पडल्या तेवढ्या पडल्या नाहीत, पण ज्या पडल्या त्या बसून पडल्या. भैरवी आधीच होऊन गेल्यामुळे बाईंना आता संपवायला काही उरलं नव्हतं. त्यांनी नमस्कार केला आणि तंबोऱ्याला गवसणी घातली. अस्मिता स्टेजमागे जावेदला धरून रडत होती आणि रडत रडत आमोदला शिव्या देत होती.

बापूराव बाईंपाशी आले. बाईंना वाकून नमस्कार केला. मग बेहेऱ्यांकडे वळून म्हणाले, "आजचं निवेदन सर्वांत उत्तम. असंच बोलत जा." आणि थर्मास हलवत निघून गेले.

घरी जायला दोघं रिक्षात बसले. तंबोरे मुली मागून आणणार होत्या. मंडई जवळ आली तशा बाई म्हणाल्या, "इथेच सोडा, भाजी घ्यायचीय." कुणाला वाटेल, गाऊन आलेली बाई, आज तरी भाजी नको. पण संध्याकाळी जेवायचं तर होतंच.

कांताबाई भाजीवालीच्या गाळ्यावर काटेरी वांगी चांगली आली होती. बाई एकेक उलटून बघायला लागल्या. नजर वांग्यांवर ठेवूनच त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

'अप्रतिम' जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. बेहेऱ्यांनी ते गिळलं. जरा वेळ पिशवी या हातातून त्या हातात केली. मग हळू आवाजात, चोरी कबूल करावी तसं म्हणाले, "द्रुत बंदिशीत ती लांबची तान घेतलीस ना, तिच्यावरून परत येताना समेच्या आधीच पोचलीस. जावेदनं सावरून घेतलं म्हणून कुणाला कळलं नाही."

बाईंच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. कांताबाईनं तराजू खाली ठेवला आणि या म्हाताऱ्याला आत्ता बोलणी बसणार म्हणून बघत राहिली. बाईंचे डोळे भरून आले होते, आणि त्या हसत होत्या.

"चुकले खरी," त्या म्हणाल्या. "लगेच कळलं मला." त्यांनी पदरानं डोळे पुसले, वांगं तराजूत टाकलं. "आणि अंतरा?"

"म्हटलास," बेहेरे म्हणाले. "दोनदा."